पोचल्याशिवाय केर नाही

आमच्या घरातून कोणी प्रवासाला निघालं, की त्याचा पोचल्याचा निरोप येईपर्यंत घरात केर काढत नाहीत. हा कायदा माझ्या सासूबाईंचा. माणूस उंबऱ्याबाहेर पडल्या पडल्या केरसुणी हातात घेऊ नये, हे मलाही माहेरी शिकवलं होतं. पण आम्ही पडलो पुण्याचे. आम्ही घटकाभर थांबतो, माणूस कोपऱ्यावरून वळला की कामाला लागतो. सासूबाई निपाणीच्या. त्यांच्याकडे वळण्याबिळण्याला काही किंमत नाही. माणूस जिथे जायचा तिथे जाऊन टेकला पाहिजे, त्याने तिथून तसं सांगितलं पाहिजे, मग इथे केरसुणी हलणार.

मी नोकरीसाठी बंगळूरला आले, ऑफिसात भेटलेल्या मुलाशी लग्न केलं आणि बसवनगुडीतल्या या घरात राहायला आले, तेव्हा या कायद्याची मला कोणी कल्पना दिली नव्हती. आणि मला केर सहन होत नाही. पायाखाली एक खडा कचकला तरी माझं डोकं फिरतं. माझी आई म्हणायची, हिला नवरा कसाही चालेल पण फरशी स्वच्छ पाहिजे. अशा बाईला नेमकी अशी सासू मिळाली.

सासूबाई सांगतात, पूर्वी या कायद्याचा कोणालाच जाच नव्हता. निपाणीची बस रात्री सुटायची आणि सकाळी पोचायची, आणि रात्रीचा तसाही कोण केर काढतंय? मग माणसं लांब जायला लागली आणि कायदा महाग पडायला लागला. माझी नणंद लग्न होऊन पहिल्यांदा सॅन फ्रान्सिस्कोला गेली ती दोन ठिकाणी विमान बदलून. तेव्हा घरात लग्नाच्या अक्षता, फुलं, पत्रावळी असं सगळं होतं, आणि ती पोचेपर्यंत पाहुण्यांनी त्याच्यातच गाद्या घालून दिवस काढले.

त्या मानाने मी पुण्याला जाते ते काहीच नव्हे. बसवनगुडीहून महादेवपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात पोचायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात विमान पुण्याला उतरतं. अप्पा, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी मी दमून आले की विचारायचे, काय, आलीस पुण्याहून? ऑफिसला जाणं प्रवासात धरत नाहीत ही देवाची कृपा, नाहीतर आमच्या घरात केर फक्त रविवारी निघाला असता.

अप्पांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. शाळेने निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल दिली आणि त्यांनी शालीऐवजी वर्गातला जुना पृथ्वीचा गोल मागून घेतला. तो आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी असतो. त्याच्यावर अजून असे दोन-चार देश आहेत जे आता जगात नाहीत. अप्पांचा मुहूर्तावर विश्वास नाही, शकुनावर नाही आणि सासूबाईंच्या केरसुणीवर तर मुळीच नाही. पृथ्वी फिरते ती तुझ्या केरसुणीला विचारून नव्हे, हे वाक्य मी या घरात किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही. सासूबाई त्यावर भांडत नसत. त्या फक्त केरसुणी उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवत आणि दाराला कडी लावत.

नणंदेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. आधी सगळे विचारायचे, मग सगळ्यांनी विचारायचं सोडलं, मग तो विषय निघाला की सासूबाई उठून स्वयंपाकघरात जायला लागल्या. आणि एका रविवारी सकाळी आम्ही दोसे खात असताना तिचा फोन आला, तिला दिवस गेले होते. सासूबाईंच्या हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं, दोसा जळला, आणि तो जळका दोसा अप्पांनी हसत हसत सगळा खाल्ला. माझ्या मुलाच्या जन्मानंतर मी या घरात इतका आनंद पाहिला नव्हता.

त्याच फोनवर नणंद म्हणाली, "आई, तू आल्याशिवाय मी काही करायची नाही."

"येतो की," सासूबाई म्हणाल्या. निपाणीकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात. "बाळाला पहिल्यांदा मी घेणार. मग बाकीच्यांनी."

ठरलं ते हे. माझ्या बाळंतपणात त्या दवाखान्याच्या दारातून हलल्या नव्हत्या, आणि पोटच्या मुलीच्या वेळी आपण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आहोत, हा विचार त्यांना सहन होत नव्हता. अप्पांचे गुडघे इतका वेळ बसून राहायला तयार नव्हते. नवऱ्याला आणि मला रजा नव्हती. म्हणजे ज्या बाईने आजवर विमान फक्त गच्चीवर पापड घालताना पाहिलं, ती एकटी जाणार होती. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या चांगले तीन आठवडे आधीचं, थेट जाणाऱ्या विमानाचं तिकीट काढलं.

तिकीट आलं आणि अप्पांना पुन्हा नोकरी लागली. विमान बंगळूरहून दुपारी अडीचच्या सुमाराला सुटणार आणि त्याच तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमाराला तिकडे उतरणार, असं तिकिटावर छापलं होतं. अप्पांनी ते शेजारच्या अण्णांना दाखवलं, भाजीवाल्याला दाखवलं, देवळाच्या कट्ट्यावर नेऊन दाखवलं. किती वेळ लागतो सांगा बघू? सगळे म्हणायचे, अडीच तास, चेन्नईला जाऊन येण्याइतकाच की. मग अप्पा खूश होऊन सांगायचे, सोळा तास. चौदा हजार किलोमीटर.

सासूबाईंना मात्र हे पटेना. विमानात सोळा तास बसायचं आणि घड्याळ अडीचच तास पुढे, मग मधले तास गेले कुठे? अप्पांनी मोसंबं घेतलं, खिडकीतल्या उन्हात धरलं आणि फिरवून फिरवून सांगितलं. आपण पूर्वेला जातो, सूर्य इकडून येतो, मध्ये एक रेघ आहे, ती ओलांडली की कालचा दिवस पुन्हा लागतो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मला एक दिवस जास्तीचा मिळणार. बरं झालं. कामं होतील."

दुसरी शंका नकाशावरून निघाली. नवऱ्याने मोबाईलवर विमानाचा रस्ता दाखवला तो कमानीसारखा वाकडा. सरळ रस्ता असताना वाकड्या रस्त्याने नेऊन पैसे वाढवतात, रिक्षावाले मॅजेस्टिकच्या बसस्टँडवरून आणताना करतात तसं, असा सासूबाईंचा आरोप होता. अप्पांनी आदल्या दिवशीच्या सुकलेल्या गजऱ्याचा दोरा मागितला. त्याचं एक टोक गोलावर बंगळूरला धरलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोला, आणि दोरा ताणला. तो आपोआप वर सरकला, चीन ओलांडून, सैबेरिया ओलांडून, जवळजवळ उत्तर ध्रुवाला खेटून पलीकडे उतरला. रस्ता सरळच आहे, कागद वाकडा आहे, अप्पा म्हणाले. सासूबाईंनी बोटाने दोन्ही टोकांमधलं अंतर चाचपलं आणि म्हणाल्या, वीतभर तर आहे.

नवऱ्याची शिकवणी वेगळी होती. त्याने खुर्च्या मांडून हॉलमध्ये विमान केलं, विमानतळ केला, स्वतः अधिकारी होऊन आईला प्रश्न विचारले. पण त्याचा खरा भर होता तो फसवणुकीवर. जावई स्वतः न्यायला येणार, दुसऱ्या कोणाहीबरोबर जायचं नाही. कोणी म्हणालं की तुमचं माणूस हॉस्पिटलात आहे, लवकर चला, तर तिथून हलायचं नाही. हल्ली मोबाईलवर घरच्या माणसाचा खोटा चेहरा आणि खोटा आवाजसुद्धा दाखवतात, तेव्हा त्याच्यावरही विश्वास ठेवायचा नाही. सासूबाई हे सगळं तोंडी परत म्हणून दाखवत. विद्यार्थिनी फार हुशार निघाली, हे आम्हाला नंतर कळलं.

निघायच्या दिवशी घराचं जे झालं ते मी अजून विसरले नाही. बॅगा काट्यावर चढल्या, वजन जास्त भरलं, सगळं उपसलं, पुन्हा भरलं. चुरमुऱ्यांची पिशवी फाटली. शेंगाचटणीचा डबा घट्ट बांधताना सुटला. सुतळीचे तुकडे, चिकटपट्टीचे तुकडे, वर्तमानपत्राच्या चिंध्या, निरोप द्यायला आलेल्या शेजारणींनी आणलेल्या मोगऱ्याच्या गळलेल्या कळ्या, हे सगळं हॉलभर पसरलं. आमच्याकडे झाडलोट करणारी अक्का सकाळी येऊन गेली होती, तिचं सगळं काम पाण्यात गेलं. मी मनात म्हटलं, गाडी फाटकातून बाहेर पडू दे फक्त.

सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला, हातावर दही घेतलं, मला जवळ घेतलं. अप्पा फाटकाशी उभे होते. गाडीत बॅगा आहेत, जागा नाही, म्हणून ते विमानतळावर गेले नाहीत. सासूबाई गाडीत बसताना मागे वळून एवढंच म्हणाल्या की अहो, गोळ्या वेळेवर घ्या. नवऱ्याने गाडी काढली. अप्पा रस्ता रिकामा झाल्यावरही थोडा वेळ फाटक धरून उभे राहिले.

मी आत आले आणि केरसुणी शोधली. आश्चर्य म्हणजे ती जागेवरच होती. सासूबाई ती कडीकुलपात ठेवायला विसरल्या होत्या. मी थांबले, अगदीच नियम मोडायला नको म्हणून दुपारभर थांबले, देवनहळ्ळीच्या विमानतळावरून विमान उडाल्याचा नवऱ्याचा फोन आला तरी थांबले. मग पदर खोचतात तशी ओढणी खोचली. तिन्हीसांज होत आली होती आणि दिवेलागणीच्या आधी केर निघालाच पाहिजे, हाही सासूबाईंचाच कायदा. दोन कायदे एकमेकांवर आदळले की वकील आपल्या सोयीचा धरतो, तसा मी धरला. लक्ष्मीने काय चुरमुऱ्यांतून चालत यायचं?

"ठेव ती," अप्पा म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी हसून वाकले. ते खुर्चीतून उठले, गुडघे धरत माझ्यापर्यंत आले आणि माझ्या हातातून केरसुणी काढून घेतली. मी म्हटलं, अप्पा, तुमचा तर विश्वास नाही ना? नाही, ते म्हणाले. मग? मग काही नाही, तिचा आहे. एवढं बोलून त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि स्वतः तिच्याच शेजारी खुर्ची ओढून बसले, मोबाईलवर विमान बघत.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या राखणदाराकडे बघून हसूही येत होतं. केरसुणीला राखण बसवलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी कळ्या चुकवत, चटणी ओलांडत स्वयंपाकाला गेले. अप्पा अधूनमधून बातम्या देत होते. विमान दोऱ्याने दाखवलेल्या रस्त्याने जात नाही, जपानच्या बाजूने समुद्रावर निघालंय. त्यांना ते थोडं लागलं होतं. मी सांगितलं की तिकडे वारा पाठीशी असतो, लांबचा रस्ताही लवकर संपतो. मग त्यांना बरं वाटलं.

आम्ही जेवायला बसणार एवढ्यात जावयाचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. पहाटेपासून नणंदेला कळा येत होत्या, ते दोघं हॉस्पिटलात पोचले होते. तीन आठवडे आधीच. सगळं नीट आहे, डॉक्टर म्हणतात काळजी नको, पण आजचाच दिवस. जावयाला तिथून हलता येणार नव्हतं, तेव्हा आईंना आणायला तो आपल्या मित्राला पाठवत होता. मागून नणंदेचा आवाज आला.

"अप्पा, आई कुठवर आली?"

अप्पांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेला. खाली सगळं निळं होतं, मध्ये एवढंसं पिवळं विमान. ते म्हणाले, आलीच, जपान ओलांडलं. जपान म्हणजे जणू बनशंकरीचा सिग्नल. नणंद कळा सोसता सोसता हसली.

आता घरात एकच गोष्ट होती, आजी आधी पोचते की बाळ. सासूबाईंना कळवायचा मार्ग नव्हता. त्या समुद्रावर कुठेतरी मोबाईल बंद करून, मुलाने शिकवल्याप्रमाणे पट्टा बांधून, तीन आठवडे हातात आहेत अशा समाधानात बसल्या होत्या. मी कधी देवाला विमानाचा वेग वाढव म्हणून सांगितलं नव्हतं, त्या दिवशी सांगितलं. चुरमुऱ्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही, आमचा मुलगा सोडला तर कोणीच धड झोपलं नाही.

सकाळी विमान वेळेच्या थोडं आधीच उतरलं. वाऱ्याने शब्द पाळला होता. अजून बाळ झालं नव्हतं. नवरा म्हणाला, आता बाहेर पडायचं, गाडीत बसायचं, तासाभरात हॉस्पिटल. आम्ही सगळे मोबाईलकडे बघत बसलो. अक्का कामावर आली, हॉलची दशा बघून तिने कपाळाला हात लावला आणि केरसुणीकडे वळली. अप्पा म्हणाले, बेडा अक्का, नको, स्वल्प थांब. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि तीही आमच्यात येऊन बसली.

बराच वेळ गेला. मग एका अनोळखी नंबरावरून व्हिडिओ कॉल आला. एक उंचापुरा, पगडीवाला पंजाबी मुलगा घामाघूम होऊन बोलत होता. तोच जावयाचा मित्र. त्याने सांगितलं ते असं. आंटी बाहेर आल्या, मी पाया पडलो, म्हटलं, भाभी हॉस्पिटलमध्ये आहे, लवकर चला. तेव्हापासून त्या जागच्या हलत नाहीत. माझा मित्र फोन उचलत नाही. आजूबाजूचे लोक माझ्याकडे संशयाने बघायला लागले आहेत.

त्याने कॅमेरा फिरवला. सासूबाई दोन्ही बॅगांवर एकेक हात ठेवून, पाठ खांबाला लावून उभ्या होत्या. गजरा सुकला होता, चेहरा मात्र करारी. आजवर शिकवलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरशः घडत होतं. नवरा ओरडून सांगायला लागला की आई, मी आहे, खरं आहे, जा त्याच्याबरोबर. सासूबाईंनी त्याला खालून वरून न्याहाळलं. मोबाईलवर हल्ली कोणाचंही तोंड दाखवतात, माझ्या मुलानेच सांगितलंय मला, असं त्या त्यालाच म्हणाल्या. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. चेला गुरूला भारी पडला होता. मी बोलून पाहिलं, माझंही तोंड खोटं ठरलं. आणि तिकडे पोरीच्या कळा वाढत होत्या, हॉस्पिटल तासाभरावर होतं, आणि चौदा हजार किलोमीटर आलेली बाई शेवटच्या तासासाठी अडून बसली होती. मला रडू यायला लागलं.

अप्पांनी नवऱ्याच्या हातातून मोबाईल घेतला. ते काही समजावत बसले नाहीत. सासूबाईंनीच विचारलं, आवाज हळू करून, दोघांतच बोलावं तसं.

"केर काढला काय?"

अप्पांनी मोबाईल उलटा केला आणि हॉलभर सावकाश फिरवला. चुरमुरे. चटणीचा लाल डाग, त्याच्यावरून गेलेलं माझं पाऊल. सुतळी. चिंध्या. दारापर्यंत सांडलेल्या मोगऱ्याच्या कळ्या, आता पिवळ्या पडलेल्या. भिंतीला टेकवलेली केरसुणी, तिच्या शेजारची खुर्ची, खुर्चीवरचा अप्पांचा चष्मा. आणि तोंडाला पदर लावून हसणारी अक्का.

अप्पांनी मोबाईल परत सरळ केला तेव्हा सासूबाईंचे डोळे भरले होते. जन्मभर ज्या माणसाने त्या केरसुणीची टर उडवली होती, तो तिला राखण बसला होता. असा पुरावा कोणत्या भामट्याला जमणार? कोणत्या भामट्याला माहीत असणार की या घरात पोचल्याशिवाय केर काढत नाहीत?

त्यांनी बॅगांवरचे हात काढले. पगडीवाल्या मुलाला कन्नडमध्ये म्हणाल्या, चल बाळा, बॅगा उचल. त्याला कन्नड येत नव्हतं, पण कळलं. मग परत मोबाईलकडे तोंड करून त्यांनी अप्पांना बजावलं.

"विमानतळ म्हणजे पोचणं नव्हे. पोरीजवळ गेलो की सांगतो. तोवर हात लावू नका."

"सरी," अप्पा कन्नडमध्येच बरं म्हणाले.

पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. अक्काची पुढची दोन घरं होती, ती गेली नाही. मी चहा केला, कोणी प्यायला नाही. नवरा येरझाऱ्या घालत होता आणि चुरमुरे त्याच्या पायाखाली कुरकुरत होते, आणि माझं डोकं एकदाही फिरलं नाही. अप्पा गोलापाशी उभे होते. बोटाने बंगळूर धरायचे, मग गोल फिरवायचे, मग पुन्हा बंगळूर शोधायचे.

फोन वाजला तेव्हा आधी फक्त रडणं ऐकू आलं, बारीक, चिडलेलं, नवीन. मग सासूबाई दिसल्या. त्यांच्या हातात पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि त्या ते आम्हाला नीट दाखवतही नव्हत्या, स्वतःच बघत होत्या. जावयाने सांगितलं, त्या खोलीत शिरल्या, लेकीचा हात धरला आणि दहा-पंधरा मिनिटांत मुलगी झाली. जणू ती दाराआड थांबली होती. नणंद मागून थकलेल्या आवाजात म्हणाली, मी सांगितलं होतं ना, आई आल्याशिवाय काही करायची नाही. नवरा रडत होता. मी रडत होते. अक्का तर सगळ्यांत मोठ्याने रडत होती आणि मुलीचं नाक आजीवर गेलंय असं सांगत होती.

अप्पांनी एवढंच विचारलं, पोचलीस ना?

"पोचलो," सासूबाई म्हणाल्या.

अप्पांनी फोन माझ्याकडे दिला, भिंतीजवळ गेले आणि केरसुणी उचलली. अक्का हात पुढे करून धावली, तिलाही दिली नाही. भूगोलाच्या मास्तरांनी जन्मात केर काढला नव्हता. ते दारापासून आत झाडत आले, झाडलेल्यावरच पाय देत आले, आणि अक्का मागून कन्नडमध्ये दिशा सांगत होती. सुतळी, चिंध्या, कळ्या, सगळं केरभरणीत गेलं. चटणीचा डाग राहिला, तो मी नंतर पुसला. मी त्यांना एकदाही टोकलं नाही. कोपरे तसेच राहिले होते.

सासूबाई चार महिन्यांनी परतल्या. जाताना मिळालेला दिवस येताना परत द्यावा लागला, त्याचा अजून त्यांना राग आहे. त्या उतरून घरी येईपर्यंत तिकडे नणंदेनेही केर काढला नाही. तिचं घर लाकडी फरशीचं आहे, झाडायला यंत्र आहे, तरीही.

गेल्या महिन्यात मी पुण्याला गेले, आईला भेटायला, नेहमीसारखीच. विमान टेकलं, लोक उठून बॅगा काढायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की या वेळी माझ्यामागेही हॉल तसाच पडला असणार, कारण सकाळी मी घाईघाईत पोह्यांची बशी सांडून निघाले होते. माझ्यासाठी केर थांबत असेल, असं इतक्या वर्षांत मला कधी वाटलंच नव्हतं. हसू आलं. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं: उतरले. केर काढा.

लगेच अप्पांचं उत्तर आलं.

"विमानतळ म्हणजे पोचणं नव्हे. आईजवळ जा, मग सांग. आम्ही थांबलोय."